छेद

फॉर्म विचारतो, वर्गात तुमचा क्रमांक कितवा?
आमच्या विद्यापीठानं क्रमांक कधी दिलाच नाही.
दिली ती पातळ गुणपत्रिका,
तिसऱ्या सत्रात गणितापुढे एक चांदणी.
चांदणी म्हणजे केटी.
आईला वाटलं होतं, चांदणी आहे तर चांगलंच असेल.

आमचे ग्रेड दहापैकी. फॉर्मला हवेत चारपैकी.
मधल्या पायरीवर टक्के काढायचे:
एका आकड्यानं गुणा, त्यात अकरा मिळवा.
अकराच का, हे कुणालाच ठाऊक नाही.
अहेराच्या पाकिटावरच्या रुपयासारखे ते, वरचे.

तर शनिवारी सकाळी ऐरोलीहून
कोपरखैरणेला गेले, सहा वर्षांनी.
गेटजवळचा झेरॉक्सवाला आता मोबाइलची कव्हरं विकतो.
ऑफिसात मात्र घरत मॅडम त्याच,
खिडकीवर कागदही तोच: सुट्टे पैसे आणावेत.

"रँक? परदेशी जाताय की अहमदाबादला?"
म्हटलं, घेतील तिथे.
त्यांनी कपाटातून जाड रजिस्टर काढलं,
चष्मा कपाळावरून नाकावर आणला
आणि स्टीलची पट्टी ठेवून
एकेक नाव खाली सरकत गेल्या.
पट्टी थांबली.
"तेविसाव्या."

मान खाली घालावी इतकं वाईट नाही,
पेढे आणावेत इतकं चांगलं नाही.

"कितीपैकी लिहू?"
मला प्रश्नच कळला नाही.
"म्हणजे बघा, शेवटच्या वर्षाला बसले चोपन्न.
पहिल्या वर्षाला नाव लागलं होतं बहात्तर जणांचं.
दोन्ही खरं आहे, पेडणेकर. दोन्हीवर शिक्का मिळतो.
पोरं बहात्तर लिहून नेतात."

मोबाइलवर भागाकार केला.
चोपन्नपैकी तेवीस: वरचा अर्धा वर्ग.
बहात्तरपैकी तेवीस: वरचा एक-तृतीयांश.
फॉर्मवर दोघांचे चौकोन वेगळे.
अंश तोच. मी एका गुणानंही हुशार झाले नव्हते.
छेदात अठरा माणसं आणून उभी केली
की मी वर जात होते.

शाळेत सांगायचे, छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान होतो.
लहान होणं इतकं फायद्याचं असतं,
हे सांगायचं राहून गेलं असावं.

अठरा.
निनाद कोळपकर, ज्याला एम-थ्रीनं तीनदा पाडलं;
मला लाप्लास कळला तो त्याच्याच वहीतून.
रुबिना मुकादम, दुसऱ्या वर्षी फीच्या रांगेतून
"पाणी पिऊन येते" म्हणाली, ती गेलीच.
बिजॉय, घणसोलीहून सायकलनं यायचा
आणि हजेरीला दोन आवाज काढायचा,
एक स्वतःचा, एक माझा.

यांतलं कुणी माझ्याशी शर्यत लावून हरलं नव्हतं.
ती उठून गेली होती, एवढंच.
आणि आज मी त्यांचे रिकामे बाक
एकावर एक रचून
चढायला आले होते.

"मॅडम, त्या बाकीच्यांचं पुढे काय झालं?"
"मला काय माहीत? टीसी नेला की आमचं पान बंद.
लवकर सांगा, दीडला खिडकी लावते."

मी बहात्तर म्हटलं.
खोटं नव्हतं.
शिक्का निळा, गोल, जरा वाकडा उमटला.
सुट्टे पन्नास दिले.

रात्री फॉर्मच्या तळाशी एक मोकळी जागा सापडली.
आणखी काही सांगायचं आहे? दोनशे शब्दांत.
तिथे केटीचं कारण लिहायचं असतं:
आजारपण, घरची अडचण, आणि त्यातून काय शिकलात.
मी अठरा जणांची नावं लिहायला घेतली.
अकरा आठवली.
उरलेल्या सातांच्या जागी
कर्सर बराच वेळ उघडझाप करत राहिला,
हजेरी घेणाऱ्यानं मान वर करून
वर्गभर पाहावं तसा.

मग ते सगळं पुसलं आणि केटीबद्दल लिहिलं.
चिकाटी, शिस्त, दुसऱ्या खेपेला चौऱ्याहत्तर गुण.
'एका मित्राच्या वहीवरून' असंही लिहिलं.
त्याचं नाव
शब्दमर्यादेत बसत होतं, खरं तर.